एक्केचाळीस नंबरचा हेकरू

लोक विचारतात, "कॉलेजात तुम्ही काय करत होतात?" मी सांगतो, "मासे शिवत होतो." समोरचा हसतो. मग मी थट्टा करत नाही हे त्याच्या लक्षात येतं आणि तो विषय बदलतो. या अंकाच्या संपादकांनी तेवढा विषय बदलला नाही. म्हणाले, "मग तेच लिहा, हेडाऊजी. जरा मजेशीर लिहा." मजा किती जमेल सांगता येत नाही. माणूस थकला की मजाही थकते. डोळ्यांत फॉर्मलीनची झोंब कायमची बसली आहे, चार ओळी लिहिल्या की पाणी येतं. वाचणाऱ्याने ते रडणं समजू नये. एके ठिकाणी समजलं तरी चालेल, ती जागा पुढे येईल.

नागपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाचं संग्रहालय माझ्याकडे होतं. संग्रहालय म्हणजे एक लांबट खोली, दोन्ही बाजूंना काचेची कपाटं आणि कपाटांत बरण्या. साप, बेडूक, खेकडे, वटवाघूळ, दोन डोक्यांचं वासरू आणि मासे. मासे सगळ्यांत जास्त. मी साठ सालानंतर लागलो आणि शहाऐंशीला सुटलो. या सगळ्या वर्षांत मी समुद्र एकदाही पाहिला नाही. समुद्राचे मासे मात्र इतके हाताळले, की बोटांची कातडी चामड्यासारखी झाली आणि नाकाला वास येईनासा झाला. आजही घरात भाजी करपली तर मला बायको सांगते तेव्हा कळतं.

आमचं घर विणकरांचं. वडील सक्करदऱ्याला राहत्या घरातच हातमागावर लुगडी विणत. माग बसत चालले होते, म्हणून त्यांनीच मला नोकरी बघायला लावलं. कॉलेजात लागलो तो झाडलोट आणि प्रयोगशाळेतली मांडामांड करायला. एकदा आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, एक मासा काचपट्टीवर बांधायला दिला. त्याचं असं असतं, की मासा बरणीत नुसता सोडला तर तळाशी गोळा होऊन पडतो, पोरांना काही दिसत नाही. म्हणून त्याला काचेच्या पट्टीवर धाग्याने बांधून उभा करायचा. पर उघडे, शेपटी पसरलेली, तोंड किंचित उघडं, जसा पोहता पोहता थांबला आहे. बाकीचे लोक दोरीने मोळी बांधावी तसे बांधत. मी गांधीबागेच्या बाजारातून बारीक पांढरा धागा आणला, सुई पराच्या काट्याखालून अशी काढली की धागा दिसू नये, आणि सगळ्या गाठी काचेच्या मागे घेतल्या. सरांनी बरणी चारही बाजूंनी फिरवून पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून माझा झाडू सुटला.

वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "सूत धराले म्या शिकवलं, अन् तू मेलेल्या मासोळ्या बांधून राहिला." पण पुढे एकदा कॉलेजात आले तेव्हा बरणीमागच्या गाठी त्यांनी बराच वेळ पाहिल्या. त्यांच्या बाबतीत तेवढं पुष्कळ होतं.

बाहेरच्या माणसाला हे काम सोपं वाटतं. औषधात टाकला की मासा टिकला, असा समज असतो. तसं नाही. बाजारात मिळतं ते फॉर्मलीन कडक असतं. एक भाग ते आणि नऊ भाग पाणी असं करावं लागतं. मासा मोठा असेल तर पोटाला चीर देऊन आत ते सुईने सोडावं लागतं, नाहीतर बाहेरून शाबूत आणि आतून सडका. त्यात थोडा टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, टाकावा लागतो, नाहीतर काही वर्षांनी हाडं विरघळतात. बरणीच्या झाकणाला मेण लावावं लागतं, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात औषध उडून जातं. आणि बरणीच्या आत जी नावाची चिठ्ठी ठेवायची, ती पेन्सिलीने लिहायची. शाई फॉर्मलीनमध्ये फुटते. पेन्सिलीचं अक्षर पन्नास वर्षं हलत नाही.

माझा स्वतःचा एक नियम होता. एका बरणीत एक प्राणी, एक चिठ्ठी. ही शिस्त मला एका फजितीतून लागली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत विद्यापीठाची समिती तपासणीला आली होती. नर बेडकाच्या बाटलीत मादीच्या अंड्यांचा एक पुंजका तरंगत होता. पोरांनी चिरफाड करताना टाकला असणार. समितीतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकाने बाटली उचलून सरांना विचारलं, "तुमच्याकडे नर अंडी देतात का?" सगळे हसले. सर हसले नाहीत. ते गेल्यावर सरांनी मला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. पण तेव्हापासून कुठल्या बाटलीत काही भलतं तरंगताना दिसलं की ते काढून टाकल्याशिवाय मला चैन पडत नसे.

सत्तरच्या आसपास केळुसकर मॅडम आमच्याकडे शिकवायला आल्या. माहेर मालवणचं, नवरा रेल्वेत, त्याची बदली नागपूरला. अंगाने बारीक, बोलायला मऊ, पण एकदा ठरवलं की मागे न हटणाऱ्या. डॉक्टरेटसाठी त्यांनी विषय घेतला हेकरू या समुद्री माशाचा. सरांनी समजावून सांगितलं, "मॅडम, इथे तलाव आहेत, मरळ घ्या, वाघूर घ्या. नागपुरात बसून समुद्रातला हेकरू कसा करणार?" मॅडम म्हणाल्या, "माझा भाऊ पाठवेल, सर." सरांना वाटलं, दोन महिन्यांत उत्साह ओसरेल.

ओसरला नाही. मॅडमचा भाऊ मालवणला गळाने मासे धरायचा. हेकरू मिळाला की चीर देऊन, फॉर्मलीनमध्ये घालून, पत्र्याचा डबा झाळ लावून बंद करून बोटीने मुंबईला पाठवायचा आणि तिथून डबा रेल्वेने नागपूरला यायचा. डबा सोडवायला स्टेशनवर मी जायचो. पहिल्या डब्याची झाळ वाटेत उघडली होती. पार्सलचा बाबू नाकाला रुमाल लावून बसला होता.

"हे काय मागवलं गा हेडाऊ? अख्खं पार्सल ऑफिस वास मारून राहिलं. माणूस तं नाही भरला ना याच्यात?"

"मासोळी हाय साहेब. कॉलेजची."

"मासोळी? अन् ते मालवणहून? काहून, आपल्या तलावातल्या साऱ्या मेल्या का?"

त्याने मला डबा तिथेच उघडायला लावला. आत जो हेकरू होता त्याचा जबडा एवढा, की माझी मूठ आरामात जावी. खालचा ओठ पुढे आलेला, जाड, रुसल्यासारखा. आणि तोंडातून एक गुलाबी पिशवी बाहेर आलेली. बाबू दोन पावलं मागे गेला.

"हे तं जीभ काढून दाखवून राहिलं मले!"

मला वाटलं, मरताना काही गिळत होता आणि ते अर्धं राहिलं. विभागात आणल्यावर मॅडम हसल्या. म्हणाल्या, "हेडाऊजी, हे त्याचं स्वतःचं पोट आहे. हा खोल पाण्यातला. गळाला लागला की झपकन वर ओढतात. खाली पाण्याचा दाब असतो, वर तो नसतो. आतला फुगा फुगतो आणि पोटाला तोंडातून बाहेर ढकलतो." मी ते पोट हळूच बोटाने आत सारलं. का कोण जाणे, मला त्याची लाज राखावीशी वाटली.

हेकरू मला मॅडमनीच शिकवला. समुद्रात खडक असतात, त्यांना त्या खडप म्हणत. त्या खडपाच्या कपारीत हा राहतो. एकटा. थव्याने फिरत नाही. आपली एक कपार धरतो आणि तिच्या तोंडाशी नुसता बसून राहतो. अंगावर तपकिरी रंग आणि शेंदरी ठिपके, खडकात खडक होऊन जातो. लहान मासा किंवा खेकडा समोर आला की जबडा एकदम उघडतो आणि पाण्यासकट आत ओढून घेतो. चावत नाही, अख्खा गिळतो. एकाच्या पोटातून मी सगळ्या पायांनिशी शाबूत खेकडा काढला होता. पिल्लं मात्र तिथे नसतात. अंडी पाण्यावर तरंगत जातात. पोरवयातले हेकरू खाडीच्या तोंडाशी, उथळ पाण्यात, खारफुटीच्या मुळांत वाढतात आणि मोठे होत जातील तसे खोल पाण्याकडे सरकतात. हे सगळं त्या असं सांगत, जसं आपण शेजारच्या घराबद्दल सांगतो.

शेंदरी ठिपके मी कधी पाहिले नाहीत. डबा नागपूरला येईपर्यंत मासा उकडलेल्या बटाट्यासारखा झालेला असे. मी म्हणायचो, "मॅडम, याचा रंग कच्चा निघाला." विणकराच्या पोराला दुसरं काय सुचणार.

आणि एक दिवस त्यांनी मूळ गोष्ट सांगितली. "हेडाऊजी, हेकरू जन्मतः सगळे मादीच असतात. काही वर्षं अंडी देतात. मग मोठे झाले की त्यांतल्या काहींचा नर होतो." मला ती थट्टा वाटली. तोपर्यंत आलेले मासे त्यांनी दाखवले. लहान मासे सगळे मादी, पिवळ्या दाणेदार गाभोळीचे, म्हणजे पोटातल्या अंड्यांच्या पिशवीचे. मोठ्यांत काही नर, त्यांची ग्रंथी पांढरी, दुधट. "दोन टोकं माझ्याकडे आहेत," त्या म्हणाल्या. "मला हवा आहे मधला. बदलत असताना सापडलेला. तो मिळाला की माझं काम उभं राहिलं. नाहीतर हे सगळं नुसतं अंदाजाचं."

घरी बायकोला सांगितलं. सुमित्रा पोळ्या लाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "मंग बराबरच हाय की. आधी दहा वर्षं बाईचं करून पाहावं, मंग बाप्या व्हावं. साऱ्या बाप्यायले देवानं असंच कराले पायजे होतं." हे मी मॅडमला सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या, की सर केबिनमधून बाहेर आले. नंतर सणासुदीला त्या आमच्या घरी आल्या की दोघी माझ्याकडे बघून हसत बसायच्या.

मधला हेकरू कसा असेल याचं एक चित्र मी मनाशी धरून होतो. ग्रंथीला दोन फाटे असतात. मला वाटायचं, एक फाटा मादीचा आणि एक नराचा असेल. लुगड्याचा एक काठ लाल आणि एक हिरवा असावा तसा. मॅडमला मी विचारलं नाही. विचारायचं काय, मला तर कळलेलंच होतं. सगळी चूक या ठिकाणी सुरू झाली.

तिसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मेहुणीच्या लग्नाला मला उमरेडला आठ दिवस जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी घाईत माझ्या हातून मादी हेकरूच्या गाभोळीची एक बाटली फुटली. कुणी पाहिलं नाही. मी गाभोळी पटकन एका रिकाम्या बाटलीत उचलून ठेवली, मग चांगली बरणी सापडल्यावर तिच्यात हलवली. ती मधली बाटली कशीबशी विसळली आणि रिकाम्या बाटल्यांच्या रांगेत परत ठेवली. नीट धुतली नाही, हे मला ठाऊक होतं. लग्नाची गाडी चुकेल म्हणून ठेवून दिली.

परत आलो तेव्हा मॅडम नव्हत्या. आई आजारी असल्याची तार आली म्हणून तडकाफडकी मालवणला गेल्या होत्या. माझ्या कुलपाच्या कपाटात एक नवी बाटली होती. माझ्या कपाटाची दुसरी किल्ली फक्त त्यांच्याकडे असे. आतल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने एवढंच: हेकरू, ४१. पुढे काही नाही.

मे महिना होता. जूनमध्ये समिती यायची होती. त्या खोलीत दुपारी बरण्यांना हात लावला तर चटका बसे. मी रोज दहा-पंधरा बरण्या उतरवायचो, औषध भरायचो, काच पुसायचो, मेण लावायचो. करता करता एक्केचाळीस नंबरवर आलो आणि बाटली उजेडात धरली.

बाटलीत नुसती ग्रंथी होती. पांढरी, दुधट, म्हणजे नर. मॅडमनी एक फाटा औषध आत शिरावं म्हणून उभा चिरून ठेवला होता. आणि आत, त्या पांढऱ्यात, पिवळे दाणे. रव्यासारखे, इथे तिथे.

मला वाटलं, झालं! मॅडमनी नेमकी माझी ती न धुतलेली बाटली घेतली. फुटलेल्या गाभोळीचे दाणे नराच्या ग्रंथीला लागले. आता समिती विचारणार, तुमच्याकडे नर अंडी देतात का. मॅडम विचारणार, ही बाटली कुणी धुतली होती. फुटलेल्या बाटलीचंही बाहेर येणार.

मी ग्रंथी बशीत काढली आणि बारीक ब्रशने दाणे झाडायला लागलो. वरवर लागलेले असते तर ब्रशने निघाले असते. निघाले नाहीत. तिथे माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पडला नाही. मी पातं घेतलं. आतली बाजू हळूहळू खरवडून काढली, अगदी स्वच्छ, पांढरीशुभ्र होईपर्यंत. दुसरा फाटा बंद होता. तो तसा सोडला असता तरी पुष्कळ वाचलं असतं. पण माझं काम अर्धवट नसे. तोही चिरला, तोही साफ केला. हात स्थिर होता. एवढं नाजूक काम मी आयुष्यात दुसरं केलं नसेल. खरवडलेलं मोरीत ओतलं, ग्रंथी ताज्या औषधात ठेवली, मॅडमची चिठ्ठी काढून नवी केली आणि माझ्या गोल अक्षरात लिहिलं: हेकरू, ४१, नर. समिती आली, सगळं पाहून खूश होऊन गेली.

मॅडम जूनच्या शेवटी आल्या. आई गेली होती. चेहरा उतरलेला होता, पण आल्या आल्या कपाटाशीच गेल्या. म्हणाल्या, "किल्ली द्या, हेडाऊजी. दोन महिने जीव या कपाटात अडकला होता माझा. तुमच्या कपाटात ठेवला म्हणून निर्धास्त गेले."

बाटली उजेडात धरली आणि तशाच उभ्या राहिल्या.

"यातले दाणे कुठे गेले?"

मी फडकं घेऊन कपाटाची काच पुसायला लागलो.

"हेडाऊजी, ही बाटली तुम्ही साफ केलीत?"

"नाही जी," मी म्हणालो. "असंच होतं ते. मी तं उमरेडले गेलो होतो."

त्यांनी बाटलीतल्या चिठ्ठीकडे पाहिलं. "नर" हा शब्द माझ्या अक्षरात त्यांच्या समोर होता. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं."

त्या दिवशी त्या खिडकीशी भिंग घेऊन बसून होत्या. मी कपाटामागे बरण्या पुसत होतो, ज्या आधीच पुसलेल्या होत्या. सर आले. "काय मॅडम, जाताना म्हणाला होतात, मधला मिळाला? आता चकत्या कापा, बघू सूक्ष्मदर्शकाखाली."

"नाही सर," मॅडम म्हणाल्या. "मला वाटलं होतं, पण खात्री होत नाही. कापण्यासारखं काही नाही त्यात."

तेव्हा मला कळलं. मधला हेकरू दोन काठांचा नसतो. एकाच विणीत दोन्ही धागे असतात. जुने दाणे विरत जातात आणि त्यांच्याच शेजारी, त्यांच्याच घरात नवं पांढरं उगवतं. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते मी पात्याने खरवडून मोरीत ओतलं होतं. आणि वर खोटं बोललो होतो.

दोन दिवस बाटली त्यांच्या टेबलावर होती. मग त्यांनी ती स्वतःच मेण लावून परत कपाटात ठेवली. मेण वेडंवाकडं लागलं होतं. दुसऱ्या कुठल्या बाटलीचं असतं तर मी लगेच नीट केलं असतं. तिला मी हात लावला नाही. पुढे कित्येक वर्षं नाही.

भावाचे डबे आणखी वर्षभर येत राहिले. पार्सलचा बाबू आता नुसताच सही घ्यायचा. सगळे डबे या टोकाचे किंवा त्या टोकाचे. मधला आला नाही. खडपाच्या आसपास यांत्रिक होड्या फिरायला लागल्या, गळाच्या मासेमारीत राम राहिला नाही, आणि भाऊ मुंबईला नोकरीला गेला. मॅडमनी कागदांचा गठ्ठा एका जुन्या चादरीत गुंडाळला. गाठ मीच मारून दिली. त्या शिकवत राहिल्या, चांगलं शिकवत. पण त्यांच्या नावाआधी डॉक्टर लागलं नाही. त्यांच्या मागून आलेल्यांच्या लागलं.

नवऱ्याची भुसावळला बदली झाली तेव्हा त्या निरोप घ्यायला संग्रहालयात आल्या. एकेका कपाटापाशी थांबल्या. एका मोठ्या हेकरूपाशी म्हणाल्या, "हा किती जिवंत बांधलात हो. एकदा मालवणला या, हेडाऊजी. याचे ठिपके दाखवते तुम्हाला." मग थोडं थांबल्या. मला वाटतं, त्या मला वेळ देत होत्या. माझं सगळं पोटातलं तोंडाशी आलं होतं, त्या पहिल्या डब्यातल्या हेकरूसारखं. मी ते आत सारलं आणि म्हणालो, "येईन जी."

गेलो नाही. दोन पत्रं आली, दोन्ही सुमित्राच्या नावे. मी उत्तर लिहायला बसायचो आणि उठायचो. मग पत्रं थांबली. काही वर्षांनी भुसावळहून आलेल्या एका माणसाकडून कळलं, की मॅडम गेल्या. छातीत दुखलं आणि गेल्या. मी त्या दिवशी सुट्टी घेतली नाही. सुट्टी कुठल्या नात्याने मागायची?

शहाऐंशीला माझी नोकरी संपली. शेवटच्या आठवड्यात यादीप्रमाणे एकेक बरणी मोजून नव्या माणसाला ताब्यात द्यायची होती. मी एकटाच यादी घेऊन बसलो होतो. एक्केचाळीस नंबर मागच्या ओळीत, धुळीत. औषध निम्म्यावर आलं होतं. वेडंवाकडं मेण, त्यातून ते उडणारच. भरणं भाग होतं. इतक्या वर्षांनी मी ती बाटली उघडली.

चिठ्ठी काचेला चिकटलेली होती, माझं "नर" बाहेरच्या बाजूला. सुटी करून उलटली तर पाठीमागे पेन्सिलीचं बारीक अक्षर होतं. मॅडमचं.

"क्र. ४१. मधल्या अवस्थेतला. आतले दाणे मी पाहिले होते. आता ते नाहीत, म्हणून पुरावा म्हणून वापरू नये. सांभाळणाऱ्याला मी काही सांगून गेले नव्हते. चूक माझी."

सुरुवातीला म्हटलं होतं ती जागा ही.

त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं, याचं मला एवढं वाटलं नाही. ते मलाही माहीत होतं. पण त्या दोन दिवसांत, आई गेलेली, तीन वर्षांचं काम हातातून गेलेलं, तेव्हा त्यांनी बसून ही चूक आपल्या नावावर लिहून ठेवली होती. जे अक्षर पन्नास वर्षं हलत नाही त्या अक्षरात. आणि मी ती बाटली उघडायला घाबरत राहिलो. मालवणला गेलो असतो, दोन ओळींचं पत्र टाकलं असतं, तर त्यांना निदान माझ्या तोंडून कळलं असतं. आता ऐकायला कोण होतं?

मी एक नवी चिठ्ठी कापली, पेन्सिलीला टोक केलं आणि लिहिलं: "दाणे मी खरवडले. मॅडमनी विचारलं तेव्हा खोटं बोललो. चूक मॅडमची नाही. ग. हेडाऊ." ती त्यांच्या चिठ्ठीशेजारी ठेवली. औषध भरलं, झाकण लावलं, जुनं मेण खरडून नवं, सरळ लावलं. सगळ्या नोकरीत एका बाटलीत दोन चिठ्ठ्या मी त्या एकदाच ठेवल्या. यादीतला "नर" खोडून "मधला" लिहिलं. नव्या माणसाने विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "आत लिहिलं आहे, वाचा."

घरी गेलो तेव्हा सुमित्रा दारात होती. माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "डोये एवढे लाल काहून झाले? आज पुन्हा ते औषध गेलं का डोयात?"

इतकी वर्षं मी याला "हो" म्हणत आलो होतो.

"नाही वं," मी म्हणालो. "आज औषध नाही. बस जरा, तुले मॅडमचं एक सांगायचं हाय."